१८००-१८२० च्या सुमारास ब्रिटनमधले लोक घरच्या पत्रांत सारखं पैशांबद्दलच का लिहायचे? इतके रुक्ष होते का?

रुक्ष नाही हो, अडलेले होते. मलाही आधी तसंच वाटायचं, मग इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टिनच्या घरची पत्रं वाचली.

जानेवारी १८०५ मध्ये इंग्लंडातल्या बाथ शहरात तिचे वडील वारले, ते पाद्री होते त्यामुळे ते गेले तसं चर्चकडून येणारं उत्पन्नही थांबलं, मागे आई आणि दोन बिनलग्नाच्या मुली आणि तिघींचे मिळून वर्षाला २१० पौंड. आठवडाभरात भावाभावांची पत्रं सुरू. जेम्स ५० देणार, हेन्री ५०, एडवर्ड (श्रीमंत नातेवाइकांकडे दत्तक गेलेला) १००. आरमारातला फ्रँक म्हणाला मी १०० देतो पण कुणाला सांगू नका, तर हेन्रीच्या पोटात ते राहिलं नाही, आणि आईने त्यातले ५० च घेतले. आता हा हिशोब पत्रात नाही तर कुठे करणार, एक समुद्रावर, एक लंडनला!

त्यात पोस्टेज बहुतेकदा पत्र घेणाऱ्याने भरायचं, तेही अंतर आणि कागद मोजून, लिफाफा घातला तर तोही कागद धरायचे. म्हणून दुखवटा, टोप्यांचे भाव आणि पैशांची बोलणी एकाच कागदावर, जागा संपली की कागद आडवा करून आधीच्या ओळींवरून पुन्हा लिहायचं. वाचताना डोळे जातात खरं.

पुढे १८१६ मध्ये हेन्रीची बँक बुडाली. तो सरकारी कर गोळा करायच्या पदावर होता, त्यासाठी जामीन राहिलेल्या एडवर्डचे २०,००० आणि मामाचे १०,००० पौंड गेले. तरी सगळ्यांची आशा मामावरच, त्याला मूलबाळ नव्हतं ना. मार्च १८१७ मध्ये मामा गेला आणि मृत्युपत्रात सगळं मामीला! भाच्यांना हजार-हजार, पण मामीच्या पश्चात, तेव्हा हयात असलात तर. जेन तेव्हा आजारीच होती; ६ एप्रिलला तिने धाकट्या भावाला, चार्ल्सला लिहिलंय की या धक्क्याने दुखणं उलटलं, सांगायला लाज वाटते. मला ती 'लाज' फार खरी वाटते.

तीनच आठवड्यांनी तिने स्वतःचं मृत्युपत्र केलं, जुलैत गेली. जवळपास सगळं बहिणीला, ५० पौंड हेन्रीला, आणि ५० मादाम बिजाँ नावाच्या बाईंना. या बाई हेन्रीचं घर सांभाळायच्या.