चौरस फुटाचा दर सगळ्यात शेवटी विचार

सप्रेम नमस्कार,

घर बांधायची तू पाठवलेली तिन्ही कोटेशनं वाचली. १,८५०, २,१०० आणि २,३५० रुपये चौरस फूट, सगळी विथ मटेरियल, म्हणजे माल आणि मजुरी दोन्ही ठेकेदाराची. यातलं कुठलं घेऊ, असं तू विचारलं आहेस. आत्ता तरी एकही नको. आरसीसी ड्रॉइंग (पाया, कॉलम, स्लॅबमध्ये किती सळई आणि कसलं काँक्रीट ते दाखवणारा नकाशा) अजून हातात नाही, खाली जमीन कशी आहे ते ठाऊक नाही, म्हणजे तिघांनीही अंदाजपंचे आकडा टाकला आहे.

आधी तासाभरासाठी जेसीबी बोलव आणि प्लॉटच्या दोन टोकांना सहा-सात फुटांचे खड्डे घे. पुण्यात थोड्या अंतरावर जमीन बदलते. टेकडीच्या उताराला लगेच कातळ लागतो, नदीकाठच्या पट्ट्यात काळी माती खोलवर जाते. कातळ फोडायला ब्रेकर लागतो आणि त्याचं बिल ब्रासवर येतं; एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, म्हणून पाया तिच्याखाली पक्क्या थरापर्यंत न्यावा लागतो आणि जोत्याची भरणी मुरमाचीच करावी लागते. पायाच्या खोदाईतून निघालेली काळी मातीच परत जोत्यात ढकलली, तर पुढे फरशी खचते. ‘खोदाई धरली आहे ना?’ असं विचारलंस तर सगळेच हो म्हणतील. किती फुटांपर्यंत धरली आहे ते विचार, आणि त्यापुढचा दर आत्ताच लिहून घे.

मग क्षेत्रफळ. तुझं घर दोन मजल्यांचं, मजल्याला साधारण १,००० चौरस फूट. १,८५० वाला छज्जे, गॅलरी आणि जिन्याच्या वरचा स्लॅब पूर्ण मोजून २,३५० चौरस फूट लावत असेल, तर त्याचं बिल ४३,४७,५०० होतं. २,१०० वाला फक्त २,००० मोजत असेल तर ४२ लाख. म्हणजे स्वस्त तोच महाग! काय पूर्ण मोजायचं, काय निम्मं आणि काय मोजायचंच नाही, हे करारात नकाशाला धरून लिही. जमिनीखालची पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, कंपाउंड वॉल आणि गेट दरात आहेत का, हेही तिथेच. विथ मटेरियल कामावर १८ टक्के जीएसटी लागतो. तो दरात आहे की वरून, हे तिघांपैकी एकानेही लिहिलेलं नाही.

मालाच्या यादीत ‘उत्तम दर्जाचे’ हा शब्द दिसला की खोडून टाक. सळई एफई ५०० डी (ही सळईची प्रत), काँक्रीट ड्रॉइंगमध्ये दिलेल्या ग्रेडचं, टाइल्सचा बेसिक दर अमुक रुपये चौरस फूट, लाइटचे पॉइंट इतके आणि जादा पॉइंटचा दर इतका, असं पाहिजे. कंपनीच्या नावापुढे ‘किंवा समतुल्य’ असेल तर त्याला ‘मालकाच्या लेखी संमतीने’ हे शेपूट जोड. तेवढं नसेल तर समतुल्य काय, ते दुकानदार ठरवतो.

आता हप्ते, आणि इथेच सगळ्यात जास्त घरं अडकतात. तुझ्या २,३५० वाल्याच्या कागदात दुसरा स्लॅब भरून होईपर्यंत ७५ टक्के पैसे जातात. तोवर काम मात्र निम्म्याच्या आसपास झालेलं असतं. पुढचं काम किचकट: प्लंबर, वायरमन, फरशीवाला, सुतार, रंगारी, सगळ्यांच्या तारखा जुळवायच्या आणि सुटणारा पैसा कमी. मग गँग दुसऱ्या साइटवर जाते आणि तुला रोज ‘उद्या माणसं येतात’ ऐकावं लागतं. माणूस लबाड असायलाच हवा असं नाही, त्या हप्त्यांत त्याला परत यायचं कारणच उरत नाही. मी असं मांडेन: सहीला ५ टक्के, जोत्याला १२, दोन्ही स्लॅबना १५-१५, वीटकामाला १३, प्लास्टरला १२, फरशी-प्लंबिंग-वायरिंगला १५, दारं-खिडक्या आणि रंगाला ८, आणि ५ टक्के राखून. हे ५ टक्के ताब्यानंतरचा पहिला पूर्ण पावसाळा गच्चीने आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांनी कोरडा काढला, की मगच द्यायचे. स्लॅबचा हप्ता कधी यावर घासाघीस होईल. निम्मा सळई बांधून तपासल्यावर आणि निम्मा सेंट्रिंग (स्लॅबखालचा फळ्या-टेकूंचा साचा) उतरल्यावर, ही तडजोड बहुतेक जण मान्य करतात.

सळई तपासायची ती आरसीसी कन्सल्टंटने (ड्रॉइंग करणाऱ्या इंजिनिअरने), आणि त्याची फी तू द्यायचीस, कंत्राटदाराने नाही. तरी स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी तूही वर जा. सळईखाली २० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून उचलून धरणारे छोटे ठोकळे) आहेत का बघ. त्याऐवजी खडीचे तुकडे सारलेले असतील तर काढायला लाव. कॉलमच्या रिंगांचे हूक आत, १३५ अंशांत वळलेले हवेत. नुसते काटकोनात असतील तर भूकंपाच्या धक्क्यात रिंग उघडते. गॅलरीची मुख्य सळई वरच्या बाजूला असते. कामगार तिच्यावर पाय देऊन चालतात, ती खाली दबते, आणि सेंट्रिंग काढल्यावर गॅलरी झुकते किंवा भिंतीलगत चीर पडते. म्हणून खाली सळईच्या खुर्च्या आणि वर चालायला फळ्या. साइटवरच मिक्सर लावणार असतील तर पाण्याचा पाइप थेट ड्रममध्ये सोडू देऊ नकोस. एका गोणीला २५ लिटरच्या आसपास पाणी पुरतं. त्याहून जास्त ओतलं की माल सैल पडतो, पसरायला सोपा जातो आणि ताकद कमी होते. त्याच काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे, म्हणजे क्यूब, भरून २८ दिवसांनी लॅबमधून तपासून आणायचे, खर्च कोणाचा ते करारात. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर किमान १० दिवस स्लॅबवर आळी करून पाणी उभं ठेवायचं. टेकू स्लॅबला साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्यात (दोन आधारांमधल्या अंतरात) ७ दिवस, बीमला ६ मीटरपर्यंत १४ दिवस. त्याहून मोठा गाळा किंवा पीपीसी सिमेंट असेल तर आणखी, किती ते कन्सल्टंटला विचार. ‘गँगला सामान दुसरीकडे न्यायचंय’ हे टेकू लवकर काढायचं कारण होत नाही.

माणूस निवडताना त्याचं चकचकीत पूर्ण झालेलं घर बघून भुलू नकोस. दोन-तीन पावसाळे काढलेलं एक घर बघ, बाथरूमच्या भिंतीची मागची बाजू आणि गच्चीखालचं छत. मालकाला विचार, शेवटची दहा टक्के कामं किती दिवस रखडली. आणि चालू साइटवर न सांगता जा. सिमेंट फळ्यांवर झाकून आहे की ओल्या जमिनीवर, सुपरवायझर किती साइट एकदम बघतो, एवढं बघितलंस तरी पुरे.

स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून बांधून घेतो त्या घराला महारेरा (बिल्डरच्या प्रकल्पांवरचं सरकारी प्राधिकरण) लागू होत नाही. ग्राहक आयोगाकडे जाता येतं, पण तिथेही कागदच बोलतो. म्हणून जादा काम आधी दर लिहून, निदान व्हॉट्सॲपवर तरी, मगच सुरू करायचं. मुदतीत होळी-दिवाळीला गँग गावी जाते ते दिवस धरून तारीख टाक, आणि उशिराला आठवड्याची ठरावीक कपात. कामगारांच्या अपघात विम्याची प्रत तुझ्या साइटच्या पत्त्यासह घे. जोतं मंजूर नकाशाप्रमाणे आहे असा जोते तपासणी दाखला हातात आल्याशिवाय वरचं काम सुरू करू देऊ नकोस; मंजूर नकाशाबाहेर एक खोली वाढवलीस तर पुढे भोगवटा पत्र (घर वापरायची परवानगी) अडेल.

खड्डे झाले की फोटो कन्सल्टंटला आणि मला पाठव. ड्रॉइंग आलं की तिघांनाही तेच ड्रॉइंग आणि तीच मालाची यादी देऊन कोटेशन पुन्हा मागव. २,१०० वाल्याला तेव्हा हप्त्यांचा तक्ता आधी दाखव, दराचं नंतर बोल.