'काका, तुमचा नी चुकतोय'

प्रिय मावशी,
मी २४ वर्षांचा आहे. गाव कोल्हापूर जिल्ह्यात, नोकरी पुण्यात, एक आठवडा सोडून नाइट शिफ्ट. आजोबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. लहानपणी आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. ते गेले, पेटी माळ्यावर आहे. तीन महिन्यांपूर्वी मी इथे पेटीचा क्लास लावला. वर्गात सगळी तिसरी-चौथीतली मुलं. सर गाऊन वाजवायला सांगतात, मी वरच्या सुरांत गेलो की आवाज फाटतो आणि मुलं हसतात. गेल्या महिन्यात एक आठ वर्षांची मुलगी म्हणाली, "काका, तुमचा नी चुकतोय." तेव्हापासून गेलो नाही. रूममेटला वाटतं, आता या वयात हे कशाला. अजून एक, हे कोणाला सांगितलेलं नाही: मी स्वतःच्या चार ओळींना चाली लावतो आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवतो. धड सारेगमचे अलंकार येत नाहीत आणि चाली लावतो, हे चुकीचं आहे का? प्रारंभिकची परीक्षा द्यावी का? की वय निघून गेलं?
— एक बेसूर, पुणे

अरे बेसूरा,

आधी त्या मुलीचं. ती बरोबर असणार. तुमच्या वर्गात काळी चार, म्हणजे चौथी काळी पट्टी, सा धरतात, हे मी पैजेवर सांगते, कारण मुलांच्या गळ्याला तीच पट्टी बसते. आता काळी चारला सा धरून पट्ट्या मोज. शुद्ध नी पांढरी, कोमल नी (म्हणजे अर्धा स्वर खालचा) तिला लागूनच असलेली काळी, दोन्ही अगदी शेजारी-शेजारी. बोट अर्धा इंच घसरलं की कोमल नी वाजला. तिथे सगळ्यांचंच चुकतं. फरक एवढाच की आठ वर्षांचं पोर चुकलं तर पुढे जातं आणि तू घरी निघून गेलास.

आणि तुझा फाटणारा आवाज. त्याचा वयाशी काही संबंध नाही, पट्टीशी आहे. काळी चारचा तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, कच्च्या पुरुषी गळ्याला फार उंच पडतो आणि एक सप्तक खाली उतरलं तर आवाज घशातच राहतो. म्हणजे दोन्हीकडून कोंडी. घरी काळी एकला सा धरून बघ. न ओरडता तार सापर्यंत पोचलास, तर तीन महिने तू दुसऱ्याची चप्पल घालून चालत होतास असं समज. सरांना सरळ सांग, "सर, मला काळी एकला बसवा." बोटं पुन्हा बसवावी लागतील, पण तीन महिन्यांचंच शिकलेलं आहे, फार मोडावं लागणार नाही. सर म्हणाले की सगळ्यांना एकच पट्टी, तर वेगळी वेळ माग. तेही नाही म्हणाले तर दुसरे सर बघ. यात गुरुद्रोह वगैरे काही नाही.

खरं दुखणं मला वेगळंच दिसतं. तुझा कान २४ वर्षांचा आहे. पहाटेचे अभंग, काकड आरती, आजोबांचं वाजवणं हे सगळं त्यात साठलंय. हात मात्र तीन महिन्यांचा. त्यामुळे तुझं चुकलेलं तुला त्या मुलीच्या आधी ऐकू येतं आणि लाज वाटते. मुलांना स्वतःचं चुकलेलं ऐकू येत नाही म्हणून ती खुशाल वाजवतात. मोठेपणी शिकणारे बहुतेक जण इथेच सोडतात. कान चांगला असतो आणि त्यालाच ते 'आपल्याला जमत नाही' असं नाव देतात.

मला हे माहीत आहे, कारण मीही सोडलं होतं. तेहतिसाव्या वर्षी लेकीबरोबर गाण्याच्या क्लासला बसले. तिसऱ्याच दिवशी बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आयांनी मागे बसा, मुलींचे सूर बिघडतात." मी मागेसुद्धा बसले नाही, तडक भाजी आणायला गेले. पुढची दोन वर्षं भूप राग कानावर पडला तरी रेडिओ बंद करायचे. मग दुसरीकडे गेले. आज माझा भूप फक्त कुकरला ऐकवण्यालायक आहे, पण आहे.

आता चालींचं. अजिबात थांबवू नकोस. तुमच्याच कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे घे. पेटीचे एवढे मोठे वादक, पण पेटी बरीचशी स्वतःच ऐकून-ऐकून शिकलेले. १९११ साली 'संगीत मानापमान' रंगभूमीवर आलं, त्याच्या चाली त्यांच्या, आणि तेव्हा त्यांनी तिशीही ओलांडली नव्हती. तू टेंबे होशील असं मी म्हणत नाही, उगाच छाती फुगवू नकोस. एवढंच की पेटी आणि चाल ही जोडी आपल्याकडे जुनी आहे, आणि संगीत विशारद झाल्याशिवाय चाल लावायची नाही असा नियम कोणी केलेला नाही. वयाचं म्हणशील तर संगीताचे मोठे अभ्यासक विष्णु नारायण भातखंडे मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळी या संगीतसंस्थेत गेले ते १८८४ साली, वय २४. (सतार त्यांना आधीपासून येत होती, हेही सांगते, नाहीतर तू मला पुढच्या पत्रात पकडशील.)

फक्त एक कर. फोनमधली तुझी एक चाल काढ आणि तिचे स्वर पेटीवर शोधून वहीत लिही. सा कुठे आहे, ओळ कुठल्या स्वरावर थांबते, गंधार कोमल आहे की शुद्ध. एका ओळीला पहिल्यांदा तासभर जाईल. मग क्लासमधले 'सारेग, रेगम' कशासाठी घोटायचे ते आपोआप कळेल, कारण तुझ्याच ओळीत ते सापडतील. अलंकार कंटाळवाणे असतात, हे खोटं नाही. पण स्वतःच्या गाण्यात अडकलेलं बोट सोडवायला ते वापरलेस की तेवढा कंटाळा येत नाही.

रियाजाचं फार अवडंबर नको. रोज २५ मिनिटं, नाइट शिफ्टच्या आठवड्यात १०. भाता सारखा हापसू नकोस. नवे लोक प्रत्येक स्वराला भाता मारतात, म्हणून आवाज धक्के खातो. भात्यात हवा राहते, तिच्यावर विश्वास ठेव. आणि भजनापासून सुरुवात कर. 'जय जय राम कृष्ण हरी' दोन्ही हातांनी, ठेक्यात, न थांबता वाजलं की पहिला टप्पा झाला. रूममेटला त्या २५ मिनिटांत चहा आणायला पाठव.

परीक्षा? प्रारंभिक, म्हणजे पहिलीच पायरी, हवी तर दे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, तारीख समोर असली की काही लोक नीट बसतात. तू त्यातला असशील तर दे, नसशील तर सोड.

उरली आजोबांची पेटी. नवीन घेण्याआधी ती खाली उतरव, पण उतरवल्या-उतरवल्या वाजवू नकोस. उंदरांनी भाता कुरतडलेला असू शकतो. आधी भाता भर, एकही पट्टी न दाबता सोड आणि बघ. भसकन बसला तर घडी फाटलेली आहे, दुरुस्तीला द्यावी लागेल. हळूहळू बसला तर बरीच आशा आहे. मग एकेक पट्टी दाब. एखादी मुकी असेल तर घाबरू नकोस, बऱ्याचदा आत धूळ अडकलेली असते, कारागीर काढून देतो. जुन्या पेटीचे सूर तुझ्या फोनमधल्या तंबोऱ्याशी जुळतीलच असं नाही, तेही त्याच्याकडूनच बघून घे.

आणि पुण्याला आणताना एसटीच्या डिकीत टाकू नकोस. मांडीवर घेऊन ये.

— मावशी