तापाने गेलेला सैनिक ‘धारातीर्थी पडला’ का?

गोव्यातल्या साखळीहून एका वाचकाने विचारले आहे: त्यांचे पणजोबा सावंतवाडीकडचे, मराठा पलटणीत शिपाई. पहिले महायुद्ध संपल्यावर तीन-चार महिन्यांनी, १९१९च्या सुरुवातीला ते मेसोपोटेमियातच तापाने वारले. घराण्याच्या फलकावर ‘धारातीर्थी पडले’ लिहावे की ‘हुतात्मा’?

माझ्या मते दोन्ही नको.

धारातीर्थातली धार तलवारीची. तिच्यावर देह ठेवणे म्हणजे तीर्थात देह ठेवणे, अशी ती कल्पना आहे. शस्त्राचा घाव तिथे गृहीतच. म्हणून पहिल्या बाजीरावाविषयी कोणी असे लिहीत नाही. १७४०च्या आरंभी नासिरजंगाशी लढून तह झाला आणि २८ एप्रिलला नर्मदाकाठी रावेरखेडीला तापाने त्याचा अंत झाला. आयुष्य घोड्यावर गेलेला माणूस, तरी त्याचे ‘निधन’च. ‘वीरगती’ आणि बखरींतले ‘कामास आले’ हेही लढाईतल्या मरणाचेच शब्द. (वीरगती हल्ली बातम्यांत फार स्वस्त झाली आहे.)

‘हुतात्मा’चे वेगळे आहे. त्याला रणांगण लागत नाही. अस्नोड्याचे बाळा राया मापारी १९५५ साली पोर्तुगीज पोलिसांच्या कोठडीत छळाने मेले आणि गोवा त्यांना पहिला हुतात्मा म्हणतो. लागते ती ध्येयासाठी स्वतःची आहुती. पगारी शिपायाला हे लावणे मला ओढूनताणून वाटते. शिवाय गोव्यात, पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक डोळ्यांसमोर असताना, फलकावर हा शब्द दिसला की वाचणारा पणजोबांना मुक्तिलढ्यातलेच समजणार. ‘शहीद’ म्हणावे, तर केंद्र सरकारने संसदेत सांगितले आहे की आपल्या सैन्यदलांतल्या मृतांसाठी तो शब्द अधिकृतपणे वापरला जात नाही.

मी असे लिहीन: ‘पहिल्या महायुद्धातील सैनिक. मेसोपोटेमियात सेवेत असताना तापाने निधन, १९१९.’ यातला ‘सेवेत असताना’ हा भाग मात्र गाळू नका, सगळा मान त्यातच आहे. ‘आजाराने’ असे मोघम लिहिण्यापेक्षा ‘तापाने’ बरे.

आणि तारीख पाहून कोणी ‘युद्ध तर ११ नोव्हेंबर १९१८लाच थांबले होते’ म्हणालाच, तर सांगा की राष्ट्रकुल युद्धकबर आयोग पहिल्या महायुद्धाचे मृत ३१ ऑगस्ट १९२१पर्यंत मोजतो, आणि सेवेत असताना आजाराने गेलेलेही त्यात धरतो.