चौकटीतले महाबली : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : साठच्या दशकातली सुपरहीरो कॉमिक्स वाचायला घेतली. जो तो आपण काय करतोय ते बोलूनही दाखवतो. चित्रात दिसतंय ना! आजच्या कॉमिक्समध्ये ही बडबड नाही. मग जुनी वाचायचीच कशाला?

उत्तर : बडबड आहे खरी, पण त्या काळी पानं मोजकी आणि गोष्ट मोठी असायची. ऑगस्ट १९६२च्या 'अमेझिंग फँटसी'च्या १५व्या अंकात स्पायडर-मॅनचा जन्म झाला. पीटर पार्कर नावाच्या पोराला कोळी चावतो, अंगात ताकद येते, तो कुस्ती जिंकतो, टीव्हीवर झळकतो, समोरून पळणाऱ्या चोराला जाऊ देतो आणि पुढे तोच चोर बेनकाकाचा खुनी निघतो. हे सगळं ११ पानांत! २००० साली सुरू झालेल्या 'अल्टिमेट स्पायडर-मॅन'ने हीच गोष्ट सात अंकांत सांगितली. मला दोन्ही हव्यात. नव्या गोष्टीत बेनकाका आधी घरातला माणूस म्हणून कळतो, त्यामुळे त्याचं जाणं जिव्हारी लागतं. जुनीत श्वास घ्यायला उसंत नाही, आणि तीच तिची मजा आहे.

आता एक करा. 'अमेझिंग स्पायडर-मॅन'चा ३३वा अंक मिळवा, १९६६चा. अवाढव्य यंत्राखाली पीटर अडकलाय. वरून पाणी येतंय. मेकाकूला वाचवणारं औषध समोरच पडलंय, पण हात पोचत नाही. संवादांचे फुगे बोटांनी झाका आणि नुसत्या चौकटी बघा. चित्रकार स्टीव्ह डिटकोने आधी त्याला लहान चौकटींत कोंबलंय. जोर वाढतो तशा चौकटी मोठ्या होतात, आणि पान उलटलं की सबंध पानभर एकच चित्र : यंत्र उचललं! मग बोटं काढून पुन्हा वाचा. तो स्वतःशी काका-काकूंबद्दल जे बोलतो ते मग बडबड वाटत नाही. दात-ओठ खाऊन जोर लावणाऱ्या माणसाचं बोलणं वाटतं. हे पान मी कितीदा पाहिलंय, तरी उलटताना हात थबकतोच.

प्रश्न : सुपरमॅन पहिल्यापासून उडायचा का?

उत्तर : नाही, उड्या मारायचा. जून १९३८च्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी त्याला एक अष्टमांश मैलाची, म्हणजे साधारण २०० मीटरची झेप दिली होती. मला हा उड्या मारणारा सुपरमॅन फार आवडतो. झेपेला सुरुवात असते, शेवट असतो, आणि जमिनीवर आल्यावर पुढे धावावं लागतं.

प्रश्न : मेलेला नायक परत येणार हे ठाऊक असतं. मग वाईट वाटून का घ्यायचं?

उत्तर : कारण सांगणाऱ्याने मनापासून सांगितलेलं असतं. १९९२मधला सुपरमॅनचा मृत्यू घ्या. डूम्सडे या राक्षसाशी चाललेल्या लढाईच्या शेवटच्या चार अंकांवर नजर टाका. पहिल्यात पानाला चार चौकटी, पुढच्यात तीन, मग दोन, आणि 'सुपरमॅन'च्या ७५व्या अंकात पानाला एकच. प्रत्येक ठोसा आधीच्यापेक्षा मोठा दिसतो आणि लपायला जागाच उरत नाही. पुढच्या वर्षी तो परतला, हे मला ठाऊक आहे. तरी प्रेयसी लॉइसच्या कुशीतला तो फाटक्या झग्यातला सुपरमॅन बघून माझा घसा दाटतोच. गोष्टीचा शेवट माहीत असला म्हणून ती ऐकताना आपण कोरडे राहतो का?

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची आहे. सत्तर-ऐंशी वर्षांचा इतिहास बघून ती घाबरते. सुरुवात कुठून करू?

उत्तर : इतिहास राहू द्या बाजूला. २०१४ साली सुरू झालेली 'मिस मार्व्हल' तिच्या हातात द्या. लेखन जी. विलो विल्सन यांचं, चित्रं एड्रियन अल्फोना यांची. जर्सी सिटीतली कमला खान स्वतःच सुपरहीरोंची कट्टर चाहती आहे, त्यांच्यावर गोष्टी लिहिते. त्यामुळे नव्या वाचकाला ती लगेच आपली वाटते. तिचे हातपाय हवे तेवढे लांबतात आणि अल्फोना ते इतक्या खोडकरपणे काढतात, की मूल आधी चित्रांतच रमतं.

आणि तुमच्यासाठी : मॅट फ्रॅक्शन आणि डेव्हिड आजा यांच्या 'हॉकआय'चा, म्हणजे तिरंदाज सुपरहीरोच्या मालिकेचा, ११वा अंक. सगळी गोष्ट एका कुत्र्याच्या नजरेतून आहे. माणसांचं बोलणं त्याला कळेल तेवढंच छापलंय. बाकी ओळखी, वास, संशय, सगळं छोट्या छोट्या चिन्हांनी. यात मारामारी आणि रक्त आहे, तेव्हा मुलीला देण्याआधी तुम्ही वाचा.