घरमालकाने सहा हजार वाढवले म्हणून ८२ लाखांचा फ्लॅट घ्यायचा का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पुण्यात वाकडला टू बीएचके, भाडं २६ हजार, आता ॲग्रीमेंट संपतंय आणि घरमालक एकदम ३२ मागतायत, मुलगी सिनियर केजीत, शाळा जवळ, आणि तुमचे मिस्टर म्हणतात की भाडं म्हणजे पैसे पाण्यात, त्यापेक्षा ताथवड्याचा ८२ लाखांचा अंडर कन्स्ट्रक्शन फ्लॅट बुक करून टाकू, पझेशन दोन वर्षांनी. तुमच्याकडे सगळं मिळून १४ लाख, सासरे बार्शीहून त्यांची १२ लाखांची एफडी मोडून द्यायला तयार. रविवारी दोन लाखांचा चेक द्यायचाय, देऊ का, असं विचारलंत.

नका देऊ. घर घेऊ नका असं म्हणत नाहीये मी, हे घर, आत्ता, या पैशातून घेऊ नका. का ते सांगतो.

आधी ते पैसे पाण्यात वालं बघू, कारण सगळी घाई तिथूनच आलीय. ६५ लाख लोन, ८ टक्के, २० वर्षं, ईएमआय बसतो साधारण ५४,४००. पहिल्या महिन्याच्या हप्त्यात व्याज किती? ४३ हजारांच्या वर. मुद्दल फिटते ती फक्त ११ हजार. म्हणजे घरमालकाला ३२ देणं जर पाण्यात असेल तर बँकेला ४३ देणं पण पाण्यातच आहे की, आणि वर सोसायटीचा मेंटेनन्स वेगळा. घराची किंमत वाढेल हे खरं, पण ती वाढ दरमहा हातात येत नाही, हप्ता मात्र दरमहा जातो.

आता सुरुवातीचा खर्च. बँक कराराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देईल, स्टँप ड्युटी वगैरे त्यात धरत नाही. म्हणजे तुमचे १७ लाख, त्यावर स्टँप ड्युटी ७ टक्क्यांनी ५ लाख ७४ हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार, आणि बांधकाम चालू आहे म्हणून जीएसटी ५ टक्के, ४ लाख १० हजार. झाले २७ लाखांच्या वर. तुमचे १४ आणि सासऱ्यांचे १२ मिळून २६. घरात एक पंखा लावायच्या आधीच दोघांची पण खाती रिकामी.

आणि खरी अडचण पुढच्या दोन वर्षांची आहे, जी साईट ऑफिसमध्ये कोणी कागदावर मांडून दाखवत नाही. तुमचे आकडे घेतो. दोघांचा इनहँड १ लाख ३८ हजार. घरखर्च ५८, शाळा सरासरी ९, कारचा हप्ता साडेअकरा, भाडं ३२. झाले ११०. बँकेने निम्मं लोन बिल्डरला दिलं की प्री-ईएमआय, म्हणजे तेवढ्या रकमेवरचं नुसतं व्याज, येतो पावणेबावीस हजारांच्या आसपास, तरी कसंबसं भागेल. पण स्लॅब पडत जातात तशी बँक पैसे सोडत जाते, ९० टक्के सोडले की नुसतं व्याज ३९ हजार. म्हणजे महिन्याला दीड लाख जाणार आणि येणार १ लाख ३८. त्यात पझेशन लांबलं तर? माझ्याकडे एक ताई आल्या होत्या, पर्समध्ये एलआयसीची जुनी डायरी, दर महिन्याच्या पानावर लाल पेनाने दोन आकडे, भाडं आणि प्री-ईएमआय. सांगितलेली पझेशनची तारीख उलटून गेल्यावरची अशी चौदा पानं होती. डायरीत मध्येच एका पानावर लिहिलं होतं, "आरडी मोडली". ते पान त्यांनी मला न बोलता उघडून दाखवलं, मला अजून विसरता येत नाही. रेरा या बिल्डरांसाठीच्या कायद्याने उशीर झालेल्या काळाचं व्याज मागता येतं, बरोबर आहे, पण ते मिळेल तेव्हा मिळेल, भाडं पाच तारखेला द्यावं लागतं.

बँकवाला म्हणतोय व्याज कमी झालंय, आत्ताच घ्या. २०२५ मध्ये रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, ६.५० वरून ५.२५ वर आला, खरंय. पण तुमचं लोन फ्लोटिंग आहे, रेपो हलला की तुमचं व्याजही हलतं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ एवढ्या काळात रेपो अडीच टक्क्यांनी वर गेला होता. तुमचा दर दीड टक्का जरी वाढला तरी ईएमआय सहा हजारांच्या वर वाढतो किंवा मुदत लांबते. म्हणजे घरमालकाने वाढवले तेवढेच! फरक हा की घरमालकाशी बोलता येतं. आणि टॅक्स वाचेल हे तुमच्या बाबतीत डोक्यातून काढून टाका, तुम्ही दोघं इन्कम टॅक्सच्या नव्या रेजीममध्ये आहात, स्वतः राहायच्या घराच्या व्याजाची वजावट तिथे मिळतच नाही.

सासऱ्यांच्या एफडीबद्दल स्पष्ट लिहितो, राग मानू नका. सूतगिरणीतून रिटायर झालेला माणूस, पेन्शन नावापुरती, त्या व्याजावर दोघांची औषधं चालतात असं तुम्हीच लिहिलंय. त्यांनी प्रेमाने देऊ केले म्हणून घ्यायचे असं नसतं. उलट त्यांना सिनियर सिटिझन स्कीममध्ये टाकायला सांगा, सध्या ८.२ टक्के आहे, १२ लाखांवर दर तीन महिन्यांनी २४,६०० खात्यात येतील.

मग करायचं काय. आधी घरमालकांशी बोला, फोनवर नको, दोघं जाऊन बोला. तुम्ही सोडलं तर त्यांचं घर महिनाभर तरी रिकामं राहील, रंगकाम, नवा ब्रोकर, ४०-५० हजार जातातच. सहा हजार गुणिले अकरा महिने, ६६ हजार मिळणार, त्यातले बहुतेक पहिल्या वर्षी असेच जाणार. तुमचाही शिफ्टिंग, ब्रोकरेज, स्कूल बस असा खर्च आहेच, म्हणून ताणू नका. २९ वर तुटायला हवं. त्याच वेळी अकराऐवजी २४ किंवा ३६ महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स मागा, दरवर्षी ५ टक्के वाढ त्यातच लिहून, आणि रजिस्टर केलेलं. नुसत्या नोटरीवर भागवू नका, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने रजिस्ट्रेशन लागतंच.

२९ भाडं धरलं तर महिन्याला ३० हजार उरतात. दीड वर्षात साडेपाच लाख, कारचं लोन अकरा महिन्यांत संपतंय ते वेगळं. मग १४ चे साडेएकोणीस होतात. तेव्हा ५८ लाखांच्या आसपासचा रेडी, रिसेल फ्लॅट बघा, जुन्या सोसायटीतला का असेना, रावेत, चिंचवड, सांगवी, जिथे जमेल तिथे. जीएसटी नाही, ४६ लाख लोन, ईएमआय ३८,५००, हातचे लागतात साडेसोळा लाखांच्या आसपास. फक्त तुमच्या एकटीच्या नावावर घेतलात तर स्टँप ड्युटीत एक टक्का सवलत आहे, ५८ हजार वाचतात. मिस्टर मालक न होता नुसते को-बॉरोअर, म्हणजे कर्जातले जोडीदार, म्हणून चालतील का, ते बँकेला आधी विचारा.

तीन लाख हात न लावता बाजूला ठेवायचे. कशासाठी ते तुम्हीच पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिलंय, दुसऱ्या बाळाचा विचार चाललाय. तुमचा ४६ हजारांचा पगार थांबला तर या ५८ लाखांच्या घरात मेंटेनन्स धरून महिन्याला १७ हजार कमी पडतील, तीन लाखांत ते जवळपास दीड वर्ष निघतील. ताथवड्याच्या फ्लॅटमध्ये तुम्हाला एक महिनाही घरी बसता येणार नाही, आणि हे गणित मिस्टरांनी तुमच्याबरोबर बसून करायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

दर वाढतील, मागे पडू, ही भीती मी समजतो. वाढले तर ५८ चा ६२ होईल, तेव्हा परत आकडे मांडू, लागलं तर सहा महिने आणखी थांबू. पण आत्ता बिल्डरच्या ऑफिसला फोन करून रविवारचं रद्द करा, आणि त्याच दिवशी घरमालकांकडे जाऊन या.