कानातलं मशीन लावल्यावर आईला स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा येतो. सवय होईल का?

पंधरा दिवसांत आईने मशीन डबीत टाकलं, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडे वेंगुर्ल्यात वडिलांचं हेच झालं. पहिल्याच दिवशी म्हणाले, "माका माझोच आवाज हांड्यात बोलल्यासारखो येता." आम्ही 'होईल सवय' म्हणत राहिलो आणि महिना फुकट घालवला.

आधी मशीन कानातच ठेवून बंद करा आणि आईला 'ईऽऽ', 'ऊऽऽ' म्हणायला सांगा. तरी घुमत असेल तर मशीनचा आवाज कमी करून काही होणार नाही, कारण तिथे कान बुजलाय. आपला आवाज हाडांतूनही कानाच्या नळीत येतो. एरवी तो बाहेर निघून जातो, पण मोल्डने, म्हणजे मशीनच्या कानात बसणाऱ्या साच्याने, नळीचं तोंड बंद केलं की आतच कोंडतो आणि खर्ज वाढतो. तुम्ही दोन्ही कानांत बोटं घालून बोलून बघा, आईची तक्रार लगेच कळेल. वडिलांना तर तळलेले गरे खाताना कानात खडी फुटायची! यावर उपाय मोल्डमधलं छिद्र मोठं करण्याचा. वडिलांचं १ मिलीमीटरचं होतं, ऑडिओलॉजिस्टने (कान तपासून मशीन बसवून देणाऱ्या तज्ज्ञाने) २ चं केलं आणि अर्ध्याहून जास्त भांडण तिथेच मिटलं. फार मोठं केलं तर मशीन शिट्टी मारतं, ऐकू फारच कमी येत असेल तर जास्तच. त्यामुळे किती मोठं करायचं ते त्यांनाच ठरवू द्या. छिद्रात मळ अडकला तरी घुमतं, ते आधी बघा.

बंद केल्यावर घुमणं थांबलं, तर मात्र सेटिंगमध्ये खर्ज कमी करून घ्या. सवयीचा भाग खरा इथे येतो. कित्येक वर्षं आईला स्वतःचा आवाज दबकाच ऐकू आलाय, आता तो एकदम अंगावर येतोय. शांत घरात दोन-तीन तासांपासून सुरुवात करा, रोज थोडा वेळ पेपर मोठ्याने वाचायला लावा. एक गंमत सांगतो: वडिलांना आपलाच आवाज मोठा वाटायला लागला, म्हणून ते पुटपुटू लागले. घरात बहिरे आम्ही झालो. "आम्हाला ऐकू येत नाही, मोठ्याने बोला" हे आम्हाला रोज सांगावं लागलं.

ऑडिओलॉजिस्टकडे आईला घेऊनच जा. छिद्र मोठं केल्यावर तिथेच 'ईऽऽ' म्हणायला लावा, घरी येऊन नको.

वडील आता दिवसभर मशीन लावतात. गणपतीत झांजा सुरू झाल्या की मात्र काढून खिशात घालतात.