झेड ड्राइव्ह तुटत नाही, तुटला तर परत उगवतो: डब्ल्यूनेटकॅन्सलकनेक्शन२ कसं वापरावं

डब्ल्यूनेटकॅन्सलकनेक्शन२ हे विंडोजचं फंक्शन नेटवर्कवरच्या शेअरला, म्हणजे सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरला, जोडलेला झेडसारखा ड्राइव्ह तोडतं. ते वापरताना तुमच्या तक्रारी तीन आहेत. झेड ड्राइव्ह तोडताना मधूनच २४०१ हा एरर कोड येतो, तुटला तरी पुढच्या लॉगिनला परत दिसतो, आणि त्याच सर्व्हरला दुसऱ्या युजरनं जोडायला गेलं की १२१९.

परत दिसण्याचं कारण सोपं आहे. या फंक्शनच्या दुसऱ्या पॅरामीटरमध्ये तुम्ही ० देताय, त्यामुळे चालू कनेक्शन तुटतं पण युजर प्रोफाइलमधली नोंद तशीच राहते. तिथे कनेक्ट_अपडेट_प्रोफाइल, म्हणजे १, द्या. पहिल्या पॅरामीटरमध्ये मात्र ड्राइव्हचंच नाव हवं: नुसतं "झेड:", पुढे बॅकस्लॅश नको. "\\सर्व्हर\शेअर" असं रिमोट नाव दिलंत तर ज्यांना ड्राइव्हचं अक्षर नाही तेवढीच कनेक्शन्स तुटतात आणि कायमच्या नोंदीला धक्काही लागत नाही.

आता २४०१. त्याचा अर्थ त्या शेअरवर कुणीतरी फाइल उघडी ठेवली आहे. बहुतेक जण लगेच तिसरा पॅरामीटर, फोर्स, ट्रू करून मोकळे होतात. कृपया तसं करू नका. दुसरा प्रोग्रॅम त्याच वेळी फाइल लिहीत असेल तर त्याचं लिखाण अर्धवट राहील, आणि ते युजरला कदाचित दोन दिवसांनी कळेल. आधी स्वतःचा कोड तपासा. फाइली शोधणाऱ्या फाइंडफर्स्टफाइलचं हँडल (उघड्या गोष्टीसाठी विंडोजनं दिलेली खूण) फाइंडक्लोजनं बंद केलंय का? आणि सहसा नजरेतून सुटणारी गोष्ट म्हणजे तुमच्या प्रोसेसची करंट डिरेक्टरी, म्हणजे ती सध्या ज्या फोल्डरमध्ये आहे ते. फाइल ओपन डायलॉगमधून युजर झेडवर गेला की ती गुपचूप तिकडे सरकू शकते, आणि करंट डिरेक्टरी हेही एक उघडं हँडलच असतं. तोडण्याआधी सेटकरंटडिरेक्टरीनं सी ड्राइव्हवर या. एवढं करूनही २४०१ आलाच तर युजरला विचारा आणि त्यानं हो म्हटल्यावरच फोर्स वापरा.

१२१९ म्हणजे एकाच लॉगिन सेशनमधून एका सर्व्हरला दोन वेगळ्या युजरनावांनी जोडता येत नाही. झेड काढला तरी अक्षर नसलेलं एखादं कनेक्शन, बहुधा "\\सर्व्हर\आयपीसी$" (सर्व्हरशी अंतर्गत संवादासाठीचा खास शेअर), मागे उरतं. डब्ल्यूनेटओपनएनमला रिसोर्स_कनेक्टेड देऊन यादी काढा. १६ केबीचा बफर पुरतो. त्या सर्व्हरची जी जी नावं दिसतील ती एकेक करून तोडा, मग नवीन जोडणी करा. सर्व्हरच्या नावाऐवजी आयपी पत्ता देऊन वेळ मारून नेता येते, कारण विंडोज त्याला वेगळा सर्व्हर समजतं, पण कर्बेरॉस (नेटवर्कवर युजरची ओळख पटवण्याची पद्धत) वापरत असाल तर तिथे ते सहसा चालत नाही.

पुढे २२५० येऊ शकतो, "असं कनेक्शनच नाही". ड्राइव्ह डोळ्यांसमोर दिसत असताना तो आला तर प्रोग्रॅम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून किंवा सर्व्हिस म्हणून चालतोय का ते बघा. मॅपिंग, म्हणजे ड्राइव्हच्या अक्षराची शेअरशी जोडणी, लॉगिन सेशनला बांधलेलं असतं. यूएसी (ॲडमिनचे अधिकार देण्याआधी परवानगी विचारणारी विंडोजची सोय) चालू असताना ॲडमिन टोकनचं सेशन वेगळं, सर्व्हिसचं आणखी वेगळं. तोडणारा कोड ज्यानं जोडलं त्याच सेशनमध्ये चालवा.

सी शार्पमधून बोलावत असाल तर एरर कोड हा फंक्शनचा परतावाच आहे, गेटलास्टएररकडे जाऊ नका. परतावा १२०८ (नेटवर्ककडून आलेला वेगळा एरर) असेल तेवढ्यापुरतंच डब्ल्यूनेटगेटलास्टएरर विचारा.